उद्यमबागेत पिकअपचा रेशो बदलून घेतला, 31 इंची टायरवाल्यांनी वाचा

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपच्या रांगेत मागच्या बाजूला डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, जो इंजिनची ताकद चाकांना देतो) काम करणारं एक छोटं वर्कशॉप आहे, तिथं माझ्या डबल कॅबिन 4 बाय 4 पिकअपचे पुढचा आणि मागचा दोन्ही क्राऊन-पिनियन सेट (त्या गोळ्यातला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान गिअर, त्यांच्या दातांचं प्रमाण म्हणजेच रेशो) बदलून घेतले आणि काम एक नंबर झालंय. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कुठं कापला ते खाली येईलच. पण नुसतं काम चांगलं, मेस्त्री चांगले एवढं लिहून कुणाच्या उपयोगाला येत नाही, कारण आपल्याकडं खानापूर, चंदगड, निपाणी सगळीकडं लोक मोठे टायर टाकायला लागलेत आणि रेशोबद्दल कुणी बोलतच नाही. टायरवाला टायर विकतो, रिमवाला रिम विकतो, आणि गाडी चढाला मरायला लागली की लोक पंप वाढव, टर्बोचं बघ असल्या मागं लागतात आणि पैसे घालवून बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझी शेती जांबोटीच्या बाजूला. पावसाळ्यात तिकडची तांबडी माती कशी असते ते जाणाऱ्यालाच माहीत, वरून निसरडं आणि ट्रॅक्टर जाऊन जाऊन दोन्ही बाजूला एवढ्या खोल चाकोऱ्या पडतात की मधला उंचवटा थेट डिफरन्शियलच्या गोळ्याला लागतो. मागचा ॲक्सल सॉलिड असला की सस्पेन्शन कितीही उचला, बॉडी वर जाते पण गोळा जाग्यावरच राहतो, त्याला वर उचलायला टायरच मोठा लागतो. गाडीला 215/75 आर 15 होते, म्हणजे उंची साधारण 703 मिलिमीटर. त्याच्या जागी 31 बाय 10.5 आर 15 टाकले, ते 787 मिलिमीटर. फरकाच्या निम्मा फायदा ॲक्सलला मिळतो, म्हणजे गोळा चार सेंटिमीटर वर गेला. चार सेंटिमीटर ऐकायला कमी वाटतं पण शेताच्या वाटेवर तेवढ्यातच अडकणं आणि निघणं ठरतं, त्यामुळं टायर परत बारके करायचा प्रश्नच नव्हता.

आता त्याची दुसरी बाजू. टायर जवळजवळ 12 टक्के मोठा झाला म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी 12 टक्के जास्त लांब जाते, आणि इंजिनला तेवढीच जास्त ताकद लावावी लागते. माझ्या गाडीत क्राऊनला 41 दात आणि पिनियनला 10, म्हणजे 4.10 चा रेशो होता. त्याला 1.12 नं भागलं की 3.66 येतो. म्हणजे गाडीत काही न बदलता मी तिचा रेशो 4.10 वरनं 3.66 वर नेऊन ठेवल्यासारखं झालं, सगळेच गिअर लांब झाले. रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर हे फारसं कळत नाही, उलट आवाज कमी झाल्यानं बरंच वाटतं. कळतं ते चोर्ल्याच्या घाटाला. मागं माल भरलेला, कणकुंबी सोडून पुढं गेलं की साखळीकडनं परत येतानाची जी वळणं आहेत तिथं पूर्वी तिसऱ्यात आरामात यायची गाडी, ती तिसऱ्यात गळपटायची आणि दुसऱ्यात टाकली की ओरडायची, मधलं काहीच हाताला लागायचं नाही. रिव्हर्समध्ये चढावर घ्यायचं म्हटलं तर क्लचचा वास. आणि एक गोष्ट जी लोक धरतच नाहीत ती म्हणजे उतार. गिअर लांब झाले की इंजिनची ब्रेकिंग पण कमी होते, घाट उतरताना दुसऱ्या गिअरला सुद्धा गाडी हातातनं सुटल्यासारखी पळते आणि सारखा ब्रेकवर पाय ठेवायला लागतो, त्यात टायर मोठा म्हणून ब्रेकचा जोर आधीच कमी झालेला. मला तरी चढापेक्षा उताराचीच काळजी जास्त होती.

स्पीडोमीटरचं पण तसंच. जुन्या गाड्यांत स्पीडोची केबल गिअरबॉक्स नाहीतर ट्रान्सफर केसकडनं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) येते, त्याला टायर किती मोठा आहे ते काय माहीत, तो प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे तिथनं ॲक्सलला जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो. काट्यावर 60 दिसायचे तेव्हा गाडी खरी 67 ला असायची.

बरेच जण म्हणतात, अहो 4 बाय 4 आहे ना, मग घाटात लो (4 बाय 4 मधली सावकाश पण जास्त ताकदीची रेंज) टाकायचा. नाही टाकायचा. आपल्या असल्या पिकअपमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नसतो, 4 बाय 4 ला टाकलं की दोन्ही शाफ्ट एकाच वेगानं फिरतात, आणि वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर तो निघायला जागाच नसते, सगळा ताण शाफ्ट, त्याचे सांधे म्हणजे यूजे क्रॉस आणि ट्रान्सफर केसवर. लो रेंज ही शेतातली आणि नदीकाठची गोष्ट आहे, रस्त्यावरच्या घाटाला तिचा उपयोग नाही.

रेशो बदलायचाच असं ठरल्यावर दोन-तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं की फक्त मागचा बदला, पुढचा कशाला, पुढचा तुम्ही कधी वापरता. नाव घेत नाही पण हा सल्ला कुणी दिला तर तिथनं गाडी बाहेर काढा. पुढं 4.10 आणि मागं 4.88 ठेवून 4 बाय 4 टाकलं की पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहणार, चिखलात सुद्धा, आणि त्यात पहिला बळी ट्रान्सफर केसचा जातो. पुढं 4.09 आणि मागं 4.10 असला अगदी बारीक फरक काही गाड्यांत कंपनीच देते, तेवढा चालतो, पण त्यापलीकडं दोन्ही सारखेच पाहिजेत. म्हणजे खर्च दुप्पट होतो हे खरं, पण 4 बाय 4 ठेवायची असेल तर त्याला पर्याय नाही.

उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी पहिल्यांदा गाडीला हातच लावला नाही. सगळे त्यांना मामाच म्हणतात, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि पोराशी कानडीत बोलतात, एकाच वाक्यात दोन्ही. त्यांचे प्रश्न बघा: "लोड किती टाकता? घाट कुठला? वर येताना कितव्यात येते? हायवेला किती असता?" किंमत नंतर. मला तिथंच बरं वाटलं, कारण बाकीच्या ठिकाणी पहिलं वाक्य सेटच्या किमतीचं होतं.

मग त्यांनी रेशो मोजून दाखवला, हे कुणालाही घरी करता येतं म्हणून सांगतो. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड नाहीतर लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, मागचं एक चाक जॅक आणि स्टँडवर वर, दुसरं जमिनीवर. वरचं चाक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजायचं. चारापेक्षा थोडा जास्त आला तर 4.10, साडेचारच्या जरा वर आला तर 4.56, पाचाला थोडा कमी पडला तर 4.88. दोन फेरे कशाला, तर एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की क्राऊन चाकाच्या निम्माच फिरतो. गाडी सेकंडहँड असेल तर हे कराच, मागच्या मालकानं काय बसवलंय कुणाला ठाऊक. पण शेवटची खात्री गोळा उघडून दात मोजल्यावरच होते.

आता निवडीचं, जे या सगळ्यात महत्त्वाचं. हिशोब सोपा आहे, जुन्या रेशोला टायरच्या वाढीनं गुणायचं. 4.10 गुणिले 1.12 म्हणजे 4.59. त्याच्या जवळचा सेट 41 ला 9, म्हणजे 4.56. तो टाकला की गाडी कंपनीतनं आली तशी होते. चौथा गिअर डायरेक्ट (इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारख्याच वेगानं फिरतात असा) धरून 60 च्या वेगाला आकडे काढले तर जुन्या टायरला इंजिन 1855 आरपीएमच्या आसपास फिरत होतं, मोठ्या टायरला तेच 1657 वर आलं, 4.56 टाकला तर 1843 म्हणजे जवळपास होतं तिथं, आणि 39 ला 8 म्हणजे 4.88 टाकला तर 1973. वजनानं टायर थोडा दबतो त्यामुळं प्रत्यक्षात आकडे जरा वर जातात, पण एकमेकांतला फरक तेवढाच राहतो.

मी 4.56 च धरून गेलो होतो, सगळे तेच सांगतात. मामा म्हणाले, "हिशोब बरोबर आहे मालक, पण टायर नुसता उंच नाही झाला, जड पण झालाय, रुंद पण झालाय, ते ओढायला हिशोबात कुठं धरलंय?" आणि हे अगदी खरं आहे. 31 चा जाड टायर, रुंद रिम, हे फिरणारं वजन आहे, प्रत्येक वेळी गाडी उचलताना ते आधी फिरवावं लागतं. वहीतला हिशोब फक्त उंची बघतो. म्हणून माझं मत आता पक्कं झालंय की भरलेली गाडी घेऊन चोर्ला, आंबोली, तिलारी असले घाट नेहमीचे असतील तर हिशोबाच्या एक पायरी खाली, म्हणजे त्याच्या पुढच्या मोठ्या आकड्याच्या रेशोवर जायचं, आणि निवड कंपनीच्या आकड्यावर न करता तुमचा नेहमीचा घाट भरल्या गाडीनं कुठल्या गिअरला निघतो त्यावर करायची. माझ्यासाठी प्रश्न एवढाच होता की चोर्ला तिसऱ्यात निघाला पाहिजे. म्हणून 4.88.

पण हे सगळ्यांना लागू नाही. निपाणीचा कुणी असेल, रोज कोल्हापूर-बेळगाव हायवे, घाट म्हणजे वंटमुरीचा, आणि मागं फारसा माल नाही, त्यानं 4.56 च घ्यावा. आणि 31 च्या जागी नुसते 235/75 टाकले असतील तर ती वाढ चार-सव्वाचार टक्के आहे, तेवढ्यासाठी ॲक्सल उघडायची गरजच नाही, पैसे ठेवा खिशात. उलट्या बाजूला 43 ला 8 म्हणजे 5.38 चा मोह पण नको. जुन्या सीजे 3 बी जीपला 5.38 यायचा आणि महायुद्धातल्या विलीज एमबीला 4.88, म्हणून जुने लोक त्याचं कौतुक सांगतात, पण त्या जीपा कुठल्या वेगाला पळायच्या आणि आज हायवेला आपण कुठल्या वेगाला असतो. शिवाय रेशो जेवढा खाली, म्हणजे आकडा जेवढा मोठा, तेवढा पिनियन बारका होतो, 10 दातांचा 9, मग 8, एका वेळी कमी दात एकमेकांत बसतात आणि त्याच बारक्या पिनियनवर मोठ्या टायरचा सगळा झटका येतो. 4.88 ला सुद्धा हे थोडं आहेच, ते मामांनी स्वतःहून सांगितलं, चिखलात अडकल्यावर ॲक्सलेटर दाबून क्लच फटकन सोडायचा नाही.

सेटबद्दल एक. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं बनवतात, दोन्हीवर एकच जोडीचा नंबर कोरलेला असतो. सेट आल्यावर खोका माझ्यासमोर उघडला आणि मामांनी आधी नंबर जुळवले. जुन्या बाजारात स्वस्तात क्राऊन एकाचा आणि पिनियन दुसऱ्याचा मिळतो, तो घेऊ नका, आणि जोडीचा जरी असला तरी घासलेले दात दुसऱ्या घरात बसवले की बहुतेक वेळा रडतातच, म्हणजे चालताना आवाज करतात. जुन्या सेटमध्ये वाचवलेले पैसे तो परत काढून बसवायच्या मजुरीत जातात.

कामाचा जो भाग मी उभं राहून बघितला तो सांगतो. पिनियन बसवून झाल्यावर बेअरिंगचा ताण बघितला, मग क्राऊन बसवला, डायल गेज लावलं आणि प्ले मोजला. क्राऊनच्या दाताला नुसतं हातानं हलवलं की किती ढिला आहे ते काट्यावर दिसतं, त्यांनी तो दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास आणला, आणि एकाच ठिकाणी न मोजता क्राऊन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजला. मग चार-पाच दातांना ब्रशनं निळा रंग लावला, अगदी पातळ. पोरानं क्राऊनला लाकडाची फळी दाबून धरली म्हणजे थोडा लोड येतो, मामांनी पिनियनचा नट पान्यानं फिरवला, पुढं, मागं. निळ्यात दाताचा ठसा उमटला, आणि तो दाताच्या बुडाशी आला होता. त्यांनी मला बॅटरीच्या उजेडात बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, पिनियन लई आत गेलाय." परत सगळं काढलं. परत बेअरिंग ओढलं, शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) बदलली, परत बसवलं. दुसऱ्यांदा ठसा मधे आला पण मागच्या बाजूचा, म्हणजे ॲक्सलेटर सोडल्यावर जो दात लागतो तो थोडा कडेला. मला वाटलं आता चालेल म्हणतील. तिसऱ्यांदा काढलं. शेवटी ठसा दाताच्या मधोमध, बदामाएवढा, दोन्ही बाजूंना सारखा. गाडी आवाज करणार की नाही ते इथंच ठरतं, आणि घाईतल्या ठिकाणी नेमकं हेच टाळतात, कारण गोळा बंद केल्यावर ते कुणाला दिसत नाही. नवीन बेअरिंग, नवीन सील, पिनियनचा नट नवीन, चुरगळणारा स्पेसर नवीन, जुनं काहीही परत घातलं नाही.

गोळ्यातलं तेल जीएल-5 दर्जाचंच पाहिजे. असल्या क्राऊन-पिनियनच्या तिरक्या, हायपॉइड दातांत एक दात दुसऱ्यावर नुसता लोळत नाही, घासत पण जातो, साध्या गिअर तेलाची फिल्म तिथं टिकत नाही. सुरुवातीचे नियम मामांनी पाठ करून घेतले: पहिल्यांदा 20-25 किलोमीटर सावकाश चालवायची आणि हात लावता येईल एवढी गार होऊ द्यायची, असं दोन-तीनदा, पहिले 800 किलोमीटर माल नाही, ट्रेलर नाही, घाटात रेटणं नाही, आणि मग तेल बदलायचं. तेल काढलं तेव्हा मॅग्नेटच्या प्लगवर करड्या पिठासारखा लेप होता, तो चालतो, नवीन दात एकमेकांवर बसताना येतोच. कडक तुकडे असते तर परत उघडावं लागलं असतं.

आता फरक. भरलेल्या गाडीनं चोर्ला तिसऱ्यात निघतो, फक्त अगदी आवळ्या वळणांवर दुसरा. चढावर रिव्हर्स घेताना क्लच अर्धवट धरायला लागत नाही. उताराला दुसऱ्या गिअरला गाडी परत इंजिनवर थांबते, ब्रेकवरचा पाय उचलता येतो, हे एवढं जाणवेल असं वाटलं नव्हतं. लो रेंजमध्ये शेतातली गाडी आता चालत्या माणसाच्या वेगानं ॲक्सलेटर न देता जाते. स्पीडो आता उलट बाजूला थोडासा गेलाय, खरे 60 असले की काट्यावर 64 च्या आसपास, पण जास्त दाखवणारा काटा कमी दाखवणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा. हायवेला इंजिन कंपनीच्या मानानं सहा टक्के जास्त फिरतं, 80 पर्यंत काही वाटत नाही, 100 ला आवाज कळतो. डिझेलचं म्हणाल तर घाटात आणि शेतात सुधारलं, धारवाडकडं सरळ हायवेला गेलो तर थोडं जास्त जातं. मला हा सौदा मान्य आहे. रडका आवाज मागच्या ॲक्सलला अजिबात नाही, पुढच्याला पण नाही.

अर्धा गुण कापला तो वेळेसाठी. सांगितलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, पुढच्या ॲक्सलचा सेट उशिरा आला, ठीक आहे, पण ते आपण फोन केल्यावर कळलं, त्यांनी कळवायला पाहिजे होतं. बिलात पण मजुरी, बेअरिंग, सील सगळं एकत्र एका आकड्यात, वेगळं लिहून मागितल्यावरच दिलं, तर तुम्ही आधीच मागा. मजुरी दोन्ही सेटच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास पडली, रुपये लिहीत नाही कारण सेटचे भाव सारखे हलतात आणि गाडीगणिक वेगळे असतात. पुढच्या पिनियनच्या सीलमधनं नंतर तेल पाझरलं, ते दाखवल्यावर काही न बोलता त्याच दिवशी बदललं, पैसे घेतले नाहीत.

जायच्या आधी दोन गोष्टी. रेशो बदलल्यानं ब्रेक सुधारत नाहीत, इंजिनची मदत वाढते एवढंच, त्यामुळं मोठे टायर असतील तर ड्रम, लायनर, मास्टर सिलिंडर आधी तपासून घ्या. आणि टायरचा साइज कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्यापेक्षा वेगळा असला की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येऊ शकतं, रेशो आत गोळ्यात असतो, टायर बाहेर दिसतो, केए 22 असो की एमएच 09, नाक्यावर नाहीतर पासिंगला विचारू शकतात. पासिंग जवळ आलं असेल तर जुने टायर-रिम विकू नका, घरात ठेवा.

वर्कशॉपला जायचं तर सकाळी जा, दुपारनंतर त्या गल्लीत फाउंड्रीच्या गाड्या लागतात आणि पिकअप वळवायला जागा राहत नाही. जाताना गाडीचं आरसी, आत्ताच्या टायरचा साइज आणि भरल्यावर गाडीचं वजन किती होतं तो काट्याचा कागद घेऊन जा, मामा तोच पहिल्यांदा मागतात.